मुलह्वे घरी करताना : थंडगार, तिखट कोरियन मासळी-रश्श्याची टप्प्याटप्प्याने कृती

मुलह्वे म्हणजे कच्च्या मासळीचे बारीक लांबट काप, काडीसारख्या चिरलेल्या भाज्या आणि त्यांवर ओतलेला गोचुजांगचा (मिरचीचं आंबवलेलं कोरियन वाटण) आंबट-गोड-तिखट, बर्फाळ रस्सा. कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर पोहांग, सोकचो, गांगनुंग इथे आणि दक्षिणेला जेजू बेटावर हे उन्हाळ्यात खातात. गॅसवर करायचं काम नूडल्स उकडण्यापुरतंच असतं. त्यामुळे कृती वाचताना सोपी वाटते आणि घरी केल्यावर पाणचट, कोमट किंवा त्याहून वाईट म्हणजे धोकादायक होते.

चुका बहुधा तीनच ठिकाणी होतात. बाजारातली ताजी मासळी कच्ची खायला चालेल असं गृहीत धरलं जातं. रस्सा साध्या पाण्यात करून वर बर्फाचे खडे टाकले जातात. आणि सगळं एकाच वेळी, जेवायच्या तासभर आधी सुरू केलं जातं. मुलह्वेचं खरं काम आदल्या दिवशी असतं. वाडगा भरायला घेतो तेव्हा चव ठरून गेलेली असते, म्हणून हा लेख तयारीवर जास्त रेंगाळला आहे.

प्रमाण दोन मोठ्या वाडग्यांचं आहे.

आधी वेळेचा हिशोब

आदल्या रात्री : मसाला कालवून मुरत ठेवणे, दाशिमा (वाळवलेलं समुद्री शेवाळ) पाण्यात भिजवणे, गोठवलेली मासळी फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवणे.

जेवणाच्या चार तास आधी : रस्सा कालवून फ्रीझरमध्ये ठेवणे.

एक तास आधी : भाज्या चिरणे, वाडगे फ्रीजमध्ये ठेवणे. माकूल-कोळंबी उकडून घालायची असेल तर तीही आत्ताच उकडून गार करायला ठेवणे.

अर्धा तास आधी : नूडल्स.

शेवटची दहा मिनिटं : कच्ची मासळी कापणे आणि वाडगा भरणे.

कच्ची मासळी शेवटी, हे पक्कं लक्षात ठेवा. पुष्कळ जण उत्साहाने तिच्यापासूनच सुरुवात करतात आणि ती ओट्यावर तासभर पडून राहते.

टप्पा १ : मासळी कच्ची घ्यायची की उकडलेली, हे ठरवा

हा टप्पा घाईने ओलांडू नका. पुढचं सगळं चुकलं तरी फार तर चव बिघडेल. इथे चुकलं तर माणूस आजारी पडेल.

ताजी मासळी आणि कच्ची खाण्याजोगी मासळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ससून डॉकवर पहाटे घेतलेलं पापलेट डोळ्याने चकचकीत, कल्ल्याने लालभडक असेल, कालवणाला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण ते कच्चं खाण्याच्या हिशोबाने कुणी हाताळलेलं नसतं. बोटीवर ते किती दिवस बर्फात होतं, तो बर्फ कुठल्या पाण्याचा होता, ज्या लाकडी ओंडक्यावर ते कापलं त्यावर त्याआधी काय कापलं होतं, यातलं काहीच आपल्याला ठाऊक नसतं. शिजवताना उष्णता हा सगळा प्रश्न बऱ्याच अंशी मिटवते. मुलह्वेत ती उष्णताच नाही.

कोरियात हे कसं जमतं? तिथे सोलच्या नोर्यांगजिन, बुसानच्या जागाल्ची किंवा पोहांगच्या जुकदो बाजारात टाकीतला जिवंत मासा निवडता येतो आणि विक्रेता तो समोर कापून देतो. कोरियात राहणाऱ्या मराठी वाचकांनी हाच मार्ग धरावा. ‘मुलह्वे-योंग’, म्हणजे मुलह्वेसाठी, एवढं सांगितलं की विक्रेते बारीक लांबट काप करून देतात. ग्वांगो (चपटा फ्लाउंडर), उरोक (रॉकफिश), गाजामी (हाही चपटाच मासा) आणि ओजिंगो (माकूल) हे नेहमीचे पर्याय. सोबत बर्फाची पिशवी आणि थर्मासची बॅग न्या, सरळ घरी या आणि त्याच जेवणाला संपवा.

भारतात कच्चं करायचं असेल तर एकच वाट : कच्ची खाण्यासाठी म्हणूनच गोठवलेली आणि तशीच विकली जाणारी समुद्री मासळी. मुंबई-पुण्यात आयात मासळी विकणाऱ्या दुकानांत ती मिळते. ‘साशिमी ग्रेड’ या शिक्क्यावर मात्र विसंबू नका; अमेरिकेत तरी या शब्दाला कायद्यात व्याख्या नाही. दुकानदाराला विचारायचं ते हे : ही कच्ची खाण्यासाठी आहे का? किती तापमानाला, किती काळ गोठवली होती? मध्ये कधी वितळून पुन्हा गोठवली आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर पाकीट परत ठेवा.

तापमानाचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. अनिसाकिससारखे कृमी मरावेत म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेलं प्रमाण असं : उणे २० अंश सेल्सियस किंवा त्याहून थंड ठेवून सलग ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांना घट्ट गोठवून त्याच तापमानात १५ तास. घरचा फ्रीझर साधारण उणे १८ वर चालतो आणि दिवसातून अनेकदा उघडला जातो. त्यामुळे ‘बाजारातून आणून आठवडाभर घरी गोठवली’ या युक्तीवर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय गोठवल्याने कृमी मरतात, जिवाणू मरत नाहीत. ते थंडीत नुसते थांबून राहतात आणि मासळी वितळली की पुन्हा वाढू लागतात.

कोणता मासा घ्यावा? चरबी कमी असलेला, पांढऱ्या मांसाचा. मुलह्वेचा रस्सा बर्फाळ असतो आणि चरबी थंडीत गोठून जिभेवर मेणचट लागते. सालमन आपल्याकडे सर्वांत सहज मिळतो, पण याच कारणाने मी त्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. घ्यायचाच तर पोटाकडचा नको, पाठीकडचा घ्या आणि काप जास्तच पातळ करा. ट्यूना चालतो. मात्र काही गोठवलेल्या ट्यूनाचा लाल रंग टिकावा म्हणून त्यावर वायूची प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे लाल म्हणजे ताजा, असं समजू नका. वासच जास्त खरं सांगतो : समुद्राचा हलका वास चालेल, आंबूस किंवा अमोनियासारखा अजिबात नाही.

⚠ इशारा : हे कधीच कच्चं नको

- गोड्या पाण्यातला आणि खाडीतला कोणताही मासा. रोहू, कटला, तिलापिया, जिताडा, काहीच नाही. कोरियातही नदीतला मासा कच्चा खाल्ल्याने यकृतात कृमी होण्याचा त्रास जुना आहे.
- बाजारातला बांगडा. नीट थंड न ठेवलेल्या बांगड्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते गोठवून काय, शिजवूनही जात नाही.
- बाजारातल्या तिसऱ्या, कालवं, कोळंबी.

⚠ इशारा : यांना कच्ची मासळी वाढू नका

गर्भवती स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध माणसं, मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे. कोरियात उन्हाळ्यात समुद्राचं पाणी तापलं की व्हिब्रिओ जातीच्या जिवाणूंचा धोका वाढतो आणि तिथल्या आरोग्य यंत्रणा यकृताच्या रुग्णांना कच्ची मासळी टाळायला सांगतात. मुलह्वेचा हंगामही नेमका तोच.

एक गैरसमज इथेच खोडून टाकायला हवा, कारण तो सगळ्यांत जास्त ऐकू येतो : ‘व्हिनेगर आणि मिरचीने मासळी शिजते.’ शिजत नाही. आंबटाने मांस पांढरट आणि घट्ट दिसू लागतं, एवढंच. वाडग्यातल्या व्हिनेगरने अनिसाकिस मरत नाही, आणि तिखटाने तर कशालाच काही होत नाही.

या साऱ्याचा विचार करून मन कचरत असेल, तर उकडलेल्या माकुलाचं आणि कोळंबीचं मुलह्वे करा. ही पळवाट नव्हे. उकळत्या पाण्यातून काढलेलं माकूल किंवा ऑक्टोपस गार करून खाण्याची पद्धत कोरियात रुळलेली आहे. त्याला सुकह्वे म्हणतात. महाराष्ट्रात, कोकण किनाऱ्यावर राहून करायचं तर मी स्वतः हेच सुचवेन. आपल्याकडचं माकूल उत्तम असतं आणि या रश्श्यात ते सुरेख लागतं. पुढचे सगळे टप्पे दोन्हींना सारखेच आहेत, फक्त सहाव्यात वाटा फुटतात.

टप्पा २ : साहित्य मांडून घ्या

मासळी : कच्च्या मासळीचे २५० ग्रॅम काटे-कातडी काढलेले तुकडे, किंवा साफ केलेलं २०० ग्रॅम माकूल आणि १५० ग्रॅम सोललेली कोळंबी.

मसाला : गोचुजांग ३ मोठे चमचे, गोचुगारू (कोरियन भरड मिरचीपूड) १ मोठा चमचा, व्हिनेगर ४ मोठे चमचे, साखर २ मोठे चमचे, मेसिलचोंग (कोरियन आलुबुखारासारख्या फळाचा पाक) १ मोठा चमचा, सोया सॉस १ मोठा चमचा, किसलेला लसूण १ लहान चमचा, आल्याचा रस अर्धा लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा.

रस्सा : पाणी ४५० मिली, तळहाताएवढा दाशिमाचा तुकडा (जपानी सामानाच्या दुकानात हाच कोम्बू).

भाज्या : अर्धी काकडी, पाव नासपती, कोबीची ३ पानं, पाव गाजर, पाव पांढरा कांदा, लेट्यूसची ४ पानं, क्केन्निपची (पेरिला या सुगंधी झाडाची) ४ पानं, १ हिरवी मिरची.

बाकी : सोम्योन (गव्हाच्या बारीक कोरियन नूडल्स) १०० ग्रॅम, भाजलेले तीळ, तिळाचं तेल काही थेंब, भाजलेल्या समुद्री शेवाळाची (कोरियन नाव गिम) एक पट्टी.

बदली वस्तूंबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच मुलह्वेचं भलतंच काहीतरी होऊन बसतं.

गोचुजांगला पर्याय नाही. शेजवान चटणीत तेल आणि परतलेला लसूण असतो. थंड रश्श्यात ते तेल वर थर धरतं. गोचुजांग आता मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन सहज मिळतं. गोचुगारूऐवजी काश्मिरी किंवा ब्याडगी मिरची चालते, पण आपली पूड फार बारीक असते आणि रस्सा गढूळ करते. म्हणून अर्धंच प्रमाण घ्या, किंवा सुकी ब्याडगी बिया काढून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा आणि भरडच ठेवा.

व्हिनेगर सफरचंदाचं किंवा तांदळाचं. चायनीजच्या गाडीवरचं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर नाकात जातं आणि गार झाल्यावरही तो उग्रपणा उतरत नाही. कोरियन दुकानात दुप्पट तीव्रतेचं व्हिनेगरही मिळतं. बाटलीवर २ हा आकडा मोठा छापलेला दिसला तर निम्मं घ्या.

मेसिलचोंग नसेल तर साखर अर्धा चमचा वाढवा आणि लिंबाचे काही थेंब टाका. नासपती कडक हवी. मऊ बब्बूगोशा रश्श्यात विरघळतो. त्यापेक्षा हिरवं सफरचंद बरं. क्केन्निपचा वास वेगळाच असतो, ती पानं मिळाली नाहीत तर तशीच सोडा. तिथे कोथिंबीर घालू नका. ती मासळीचा वास पूर्ण झाकते आणि वाडगा कोशिंबिरीच्या दिशेने जातो.

टप्पा ३ : मसाला कालवा (आदल्या रात्री)

१. काचेच्या भांड्यात साखर, मीठ, सोया सॉस आणि व्हिनेगर एकत्र करून साखर विरघळेपर्यंत ढवळा.

२. आता गोचुजांग एकेक चमचा घालत घोटा. उलट करू नका. गोचुजांग चिकट आणि घट्ट असतं. त्यावर एकदम पातळ पदार्थ ओतला की गुठळ्या होतात आणि गार पाण्यात त्या मोडत नाहीत.

३. मिरचीपूड, लसूण, आल्याचा रस, मेसिलचोंग घाला. झाकून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा.

मुरल्याने मिरचीचे कण फुगतात, रंग उघडतो आणि कच्च्या पिठाचा वास जातो. घाई असेल तर निदान दोन तास द्या. लगेच वापरलेला मसाला चवीला कितीही बरा वाटला, तरी रश्श्यात मिरचीचे कण वेगळे तरंगतात.

दाशिमाही आताच पाण्यात टाकून फ्रीजमध्ये ठेवा. त्यावरची पांढरी भुकटी धुऊ नका, चव तिच्यातच असते. ओल्या फडक्याने धूळ तेवढी पुसा. सकाळी तुकडा काढून टाका.

⚠ इशारा : नेंगम्योनच्या (थंड रश्श्यातल्या कोरियन नूडल्स) तयार रश्श्याची पाकिटं वापरून हे काम वाचवता येतं आणि कोरियातली पुष्कळ घरं तेच करतात. पण त्यातल्या बऱ्याच पाकिटांत गोमांसाचा अर्क असतो. ज्यांना तो चालत नाही त्यांनी साहित्याची यादी वाचल्याशिवाय घेऊ नये. शिवाय हा रस्सा आधीच आंबट-गोड-खारट असतो. तो वापरला तर मसाल्यातलं व्हिनेगर, साखर आणि मीठ निम्म्यावर आणा.

टप्पा ४ : रस्सा बर्फाळ करा

हा मुलह्वेचा गाभा. बर्फाचे खडे टाकायचे नाहीत. रस्साच अर्धवट गोठवायचा.

कारण सरळ आहे. वाडग्यात पाण्याचा बर्फ टाकला की तो वितळत जातो आणि दर मिनिटाला रस्सा पातळ होतो. पहिला घास झणझणीत, शेवटचा घास मिरचीच्या पाण्याचा. रस्साच गोठवला तर तो वितळूनही रस्साच होतो. त्यातल्या मिठासाखरेमुळे तो एकदम दगडासारखा गोठत नाही, आधी भुसभुशीत चुरा होतो, आणि आपल्याला तोच हवा आहे.

१. मसाल्यातले २ मोठे चमचे बाजूला काढून ठेवा. ते मासळीसाठी आहेत.

२. उरलेल्या मसाल्यात दाशिमाचं गार पाणी थोडं थोडं घालत एकजीव करा.

३. चव बघा. आत्ता ती जरा अतीच वाटली पाहिजे : आंबट खणखणीत, गोड थोडं पुढे, मीठ चढं. थंडीने गोडवा आणि स्वाद दबतो, आणि पुढे भाज्या, नूडल्स, मासळी आपापलं पाणी सोडतात. खोलीच्या तापमानाला जो रस्सा ‘अगदी बेताचा’ लागतो तो वाडग्यात फिका पडतोच.

४. पसरट स्टीलच्या ताटात किंवा ट्रेमध्ये ओता. थर दोन सेंटिमीटरहून जाड नको. झाकून फ्रीझरमध्ये ठेवा.

५. साधारण तासाभराने कडा गोठू लागतील. काट्याने कडा मध्ये ओढा. मग दर अर्ध्या तासाने हेच करा. दोन-अडीच तासांत निम्मा रस्सा चुरा आणि निम्मा पातळ अशी स्थिती येते.

✓ तपासणी : ताट वाकडं केलं तर रस्सा सावकाश, जडपणे सरकला पाहिजे. पाण्यासारखा वाहिला तर अजून अर्धा तास. पूर्ण गोठला असेल तर दहा मिनिटं बाहेर ठेवा आणि चमच्याने कुटा. पाणी घालून सोडवू नका.

चव पक्की करायला सोपा उपाय आहे. चुऱ्याचा एक चमचा काकडीच्या तुकड्यावर घेऊन खा. नुसता रस्सा चाखून अंदाज चुकतो, कारण वाडग्यात तो कधीच नुसता नसतो.

टप्पा ५ : भाज्या चिरा, गार करा, कोरड्या करा

सगळ्या भाज्या मासळीच्या आधी चिरा. पाट आणि सुरी तीच असो वा वेगळी, कच्ची मासळी कापल्यावर भाजीला हात लावायचा नाही. वेगळा पाट असेल तर उत्तमच.

काकडीचा बियांचा गर काढून टाका, तो पाणी सोडतो. काकडी, गाजर, नासपती यांचे काडेपेटीच्या काडीएवढे, थोडे लांब काप करा. कोबी जितका बारीक चिरता येईल तितका. किसणीवर किसू नका. किसलेल्या भाजीला कडा नसतात, ती रश्श्यात बसते आणि दाताखाली काहीच येत नाही. कांदा उभा, पातळ.

नासपती आणि लेट्यूस सोडून सगळ्या भाज्या बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. त्या कडक होतात आणि कांद्याचा उग्रपणा जातो. मग निथळा, स्वच्छ कोरड्या पंचात गुंडाळून हलकेच टिपा आणि फ्रीजमध्ये ठेवा. बर्फ आणि पाणी दोन्ही पिण्याच्या, गाळलेल्या पाण्याचेच हवेत. आपल्याकडे पोट बिघडतं ते पुष्कळदा मासळीमुळे नाही, धुतलेल्या पाण्यामुळे.

ओल्या भाज्या ही पाणचट मुलह्वेची दुसरी मोठी वाट. आणखी एक सवय मोडावी लागते : कोशिंबिरीसारखं मीठ चोळून ठेवायचं नाही.

टप्पा ६ : मासळी

*कच्ची*

१. मासळी हवाबंद पाकिटात असेल तर फ्रीजमध्ये वितळायला ठेवण्याआधीच पाकीट उघडा, मासळी झाकणाच्या डब्यात टिश्यूवर ठेवा. हवा नसलेल्या पाकिटात काही धोकादायक जिवाणू थंडीतही वाढू शकतात. ओट्यावर, कोमट पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवू नका.

२. फ्रीज ४ अंश सेल्सियस किंवा त्याहून थंड हवा. साधा थर्मामीटर आत ठेवून एकदा खात्री करा.

३. कापायच्या वेळी मासळी आतून किंचित कडक असेल तर चांगलंच, काप नीट येतात. चारही बाजूंनी टिश्यूने दाबून कोरडी करा. ओलसर मासळीवर मसाला चिकटत नाही.

४. लांब, धारदार सुरी घ्या. एका दिशेने ओढत कापा, पुढे-मागे करवतीसारखं नाही. धाग्याच्या आडव्या दिशेने ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे, बोटभर लांब काप करा. मुलह्वेत चौकोनी तुकडे नसतात. लांबट काप भाजीच्या काड्यांसोबत एकाच घासात येतो.

५. कापताना नीट बघा. पांढरट, गुंडाळलेला धाग्यासारखा कृमी दिसला तर ‘तेवढा काढून’ पुढे जाऊ नका; मासळी शिजवून खा आणि वाडगा माकुलाचा करा.

६. काप लगेच फ्रीजमध्ये. पाट, सुरी, हात साबणाने धुवा.

*उकडलेली*

माकूल साफ करून, वरचा जांभळट पापुद्रा ओढून काढून अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या करा. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळू द्या, मीठ घाला. माकूल टाकून ४० ते ६० सेकंद, पांढरं आणि घट्ट होईपर्यंत. त्याहून जास्त वेळ ठेवलं की रबर होतं. कोळंबी मधोमध पूर्ण अपारदर्शक होईपर्यंत, आकाराप्रमाणे दीड ते दोन-अडीच मिनिटं. काढून थेट बर्फाच्या पाण्यात. पाच मिनिटांनी निथळून, टिपून फ्रीजमध्ये किमान अर्धा तास. सुरमई-रावसाचे उकडलेले तुकडे वापरू नयेत. ढवळल्यावर त्यांचा भुगा होतो.

✓ तपासणी : कच्ची असो वा उकडलेली, मासळी हाताला गार आणि टिश्यूला कोरडी लागली पाहिजे.

टप्पा ७ : सोम्योन

उकळत्या पाण्यात टाका, फेस वर आला की अर्धी वाटी गार पाणी ओता, पुन्हा फेस आला की पुन्हा ओता. एकूण तीनेक मिनिटं. चाळणीत ओतून गार पाण्याखाली दोन्ही हातांनी चोळून धुवा. निथळणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत चोळायचं, नाहीतर पिठाचा चिकटपणा रश्श्यात उतरतो. शेवटचं पाणी बर्फाचं. बोटांभोवती गुंडाळून छोटे वेटोळे करा, वेगळ्या ताटलीत ठेवा. खिरीच्या शेवया चालत नाहीत. त्या लगेच लगदा होतात. सोम्योन नसेल तर पातळ तांदळाच्या नूडल्स.

टप्पा ८ : वाडगा भरा

इथे क्रम बदलू नका.

१. फ्रीजमधला गार वाडगा. तळाला कोबी आणि लेट्यूस, त्यावर बाकीच्या भाज्या आणि नासपती वेगवेगळ्या ढिगांत.

२. बाजूला ठेवलेला २ चमचे मसाला दुसऱ्या भांड्यात मासळीला हलक्या हाताने लावा आणि मासळी मधोमध ठेवा. हे गाळलं तर रस्सा तिखट आणि मासळी मात्र आळणी अशी दोन वेगळी ताटं एका वाडग्यात येतात. पोहांगकडची जुनी रीत तर याच्याही पुढची आहे : आधी मासळी आणि भाज्या गोचुजांगमध्ये नीट कालवायच्या आणि मग गार पाणी घालायचं. सोकचोकडे तयार बर्फाळ रस्सा वरून ओततात. वर दिलेली कृती या दोन्हींच्या मधली आहे.

३. कडेने रस्सा ओता, मासळीच्या डोक्यावर नको. भाज्या निम्म्या बुडतील एवढाच. बर्फाचा चुरा वर राहू द्या.

४. मिरचीच्या चकत्या, चुरलेले तीळ, गिमची पट्टी कात्रीने कापून. तिळाचं तेल तीन-चार थेंब. जास्त झालं तर थंडीत त्याचा तवंग येतो.

लगेच वाढा. कच्च्या मासळीचा वाडगा फ्रीजबाहेर दोन तासांहून जास्त नको. मे महिन्यात, पारा ३२ च्या वर असताना, एका तासाहून जास्त नको. पाहुणे यायचे असतील तर ते बसल्यावरच आठवा टप्पा सुरू करा.

खाताना आधी सगळं खालून वर नीट ढवळायचं. पहिल्यांदा मासळी आणि भाज्या, थोड्या रश्श्यासकट. निम्मा वाडगा संपला की सोम्योनचा वेटोळा. तळाशी रस्सा उरला की त्यात गार भाताचा एक डाव. नूडल्स आधीच टाकल्या तर त्या रस्सा पिऊन फुगतात. वाफाळता भात घातला तर बर्फासाठी घालवलेले चार तास एका क्षणात वाया जातात.

चव बसली नाही तर

फिका लागला : मीठ टाकू नका, गोचुजांग आणि व्हिनेगर अर्धा-अर्धा चमचा घोटून कडेने सोडा. नुसत्या मिठाने तो खारट होतो, ठळक होत नाही.

फार आंबट झाला : साखरेऐवजी किसलेली नासपती पिळून तिचा रस. साखर थंड रश्श्यात विरघळत नाही, तळाशी बसते.

मासळीचा वास पुढे येतो : मासळी कोरडी केली नव्हती, किंवा ती जुनी आहे. दुसरी शंका आली तर खाऊ नका. आलं वाढवून वास झाकण्याचा प्रयत्न तर मुळीच नको.

फार तिखट झाला : पाणी नको, दाशिमाचं पाणी आणि नासपती.

जेजूची वाट

जेजूवर रश्श्याचा आधार गोचुजांग नसून दोएनजांग, म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं खारट वाटण, असतं. तिथे जारी हा छोटा मासा काट्यांसकट बारीक कापून किंवा हानची नावाचं नाजूक माकूल घालून मुलह्वे करतात. घरी उकडलेल्या माकुलाबरोबर करून बघायचं तर वरच्या मसाल्यात गोचुजांग एक चमचा ठेवा, दोएनजांग दीड चमचा घ्या, आणि मीठ व सोया सॉस दोन्ही गाळा. दोएनजांग गाळणीतून दाबून घ्या, नाहीतर सोयाबीनचे कण दातात येतात. लालभडक दिसणार नाही, तपकिरी दिसेल. बिघडलं असं समजू नका. तिखट न झेपणाऱ्यांसाठी मला ही चव जास्त आवडते.

उरलेलं

वाडग्यातली उरलेली कच्ची मासळी ठेवायची नाही. पुन्हा गोठवायची नाही आणि दुसऱ्या दिवशी तळून खायची नाही. मासळीचा स्पर्श न झालेला बर्फाळ रस्सा डब्यात बंद करून फ्रीझरमध्ये पुढच्या वेळेसाठी ठेवता येतो. जास्तीचा मसाला फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. त्यात थोडं व्हिनेगर आणखी घातलं की चोजांग तयार होतं आणि उकडलेल्या कोळंबीला लावून खायला तेच लागतं.